साखरेचा दाणा कसा धरतो

वाशीच्या घाऊक बाजारात साखरेचा भाव 'एस-३०' आणि 'एम-३०' या नावांनी निघतो. अक्षर दाण्याचा आकार सांगतं: एस म्हणजे बारीक, एम म्हणजे मध्यम, एल म्हणजे मोठा. आकडा रंगाचा. आपण वाण्याकडे जाऊन मात्र 'जरा जाड साखर द्या' एवढंच म्हणतो, कारण जाड साखर जास्त गोड लागते अशी अनेक घरांत पक्की समजूत आहे. तसं काही नसतं. एकाच वजनाची जाड साखर आणि पिठीसाखर सारखीच गोड. जाड दाण्याला पाणी लागायला पृष्ठभाग कमी मिळतो, म्हणून तो सावकाश विरघळतो, इतकाच काय तो फरक.

पण मग हा दाणा जाड की बारीक हे ठरवतं कोण? आणि खडीसाखर काचेसारखी पारदर्शक, तर पाडव्याची गाठी चुन्यासारखी पांढरी, असं का, जर दोन्ही एकच पदार्थ असतील? माझ्या मते साखरेबद्दल समजून घ्यायची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. कारखान्यात रस आटवून दाणा धरायला लावणारा पॅनमन असो, मिठाईच्या दुकानामागच्या भट्टीवरचा हलवाई असो की संक्रांतीचा हलवा करणाऱ्या काकू, तिघांची कामं दोनच: पाणी घालवणं आणि दाण्याला आपल्या म्हणण्यात ठेवणं. गोडवा उसाने आधीच करून ठेवलेला असतो.

रसायनशास्त्रात आपल्या साखरेला सुक्रोज म्हणतात. ग्लुकोजचा एक रेणू आणि फ्रुक्टोजचा एक रेणू हातात हात घालून बसले की सुक्रोज. ही जोडी पाण्याला इतकी सोकावलेली आहे की विश्वास बसू नये. दोन पेल्यांत १००-१०० मिलिलिटर पाणी घ्या. एकात मीठ ढवळत जा. ३६ ग्रॅमच्या आसपास मीठ तळाशी बसायला लागेल. दुसऱ्यात साखर ढवळा. पाण्याच्या दुप्पट वजनाची, म्हणजे २०० ग्रॅम साखर ते पाणी गिळून टाकतं. आता पाणी उकळतं असेल तर? मिठाच्या आकड्यात जेमतेम तीन ग्रॅमची भर पडते. साखर मात्र पावणेपाचशे ग्रॅमच्याही पुढे जाते.

हाच दाण्याचा जन्म. गरम पाकात विरघळलेली साखर पाक निवल्यावर त्यात मावत नाही, ती बाहेर पडायला बघते. पण ती लगेच बाहेर पडत नाही. पहिला कण कुठे तरी बसावा लागतो. धूळ चालते, दोरा चालतो, कढईच्या कडेला चिकटलेला साखरेचा एक चुरा तर फारच चालतो. म्हणून जुन्या बायका पाक करताना कढईची कड खरवडू देत नाहीत. एक कण आत पडला की त्याच्याभोवती बाकीची साखर रांग लावते आणि बघता बघता सगळा पाक साखरतो.

कारखान्यात हाच पहिला कण मुद्दाम टाकतात. उसाचा रस चुन्याची निवळी आणि गंधकाचा धूर देऊन साफ करतात, गाळ खाली बसवतात, मग एकामागून एक बंद भांड्यांत आटवतात. शेवटच्या भांड्याला पॅन म्हणतात. त्यातली हवा ओढून घेतलेली असते, त्यामुळे दाट रससुद्धा ६५-७० अंशांनाच उकळतो. रस बरोबर दाट झाला की पॅनमन त्यात अतिशय बारीक दळलेल्या साखरेचं बी सोडतो, दुधाला विरजण लावावं तसं. बी किती सोडलं यावर दाणा ठरतो. बी जास्त, तर साखर पुष्कळ कणांत वाटली जाते आणि एस निघते. बी कमी, तर थोडेच कण पण धष्टपुष्ट, म्हणजे एम किंवा एल. अनुभवी पॅनमन काचेच्या पट्टीवर पाकाचा थेंब घेतो, उजेडासमोर धरतो आणि दाण्याची धार पाहतो. नवे नको असलेले दाणे जन्माला यायला लागले तर थोडं पाणी सोडून त्यांना विरघळवून टाकतो. पुढे जाळीच्या पिंपात हा सगळा रबडा गरगर फिरवला की चिकट मळी जाळीतून बाहेर फेकली जाते आणि आत पांढरा दाणा उरतो.

शंभर टन उसामागे महाराष्ट्रात साधारण १०-११ टन साखर हाती येते. २८-३० टन भुसा निघतो, जो बॉयलरमध्ये जळून कारखाना चालवतो आणि उरलेली वीज विकताही येते. चारेक टन मळी निघते. मळीतही साखर असतेच, पण ती दाणा धरायला तयार नसते. ती दारूच्या आणि इथेनॉलच्या टाकीत जाते.

गुऱ्हाळावर हे काम उघड्या काहिलीत होतं. रानभेंडीचा चिकट रस घालून मळ वर आणतात, झाऱ्याने काढतात आणि गुळव्या नुसत्या नजरेने चुलाणातला जाळ कमी-जास्त करतो. उघड्यावर दाट रस १०० अंशांच्या बराच वर उकळतो, साखर थोडी करपते, रंग तांबूस होतो. दाणा धरतो पण मळी वेगळी होत नाही. गुळाच्या ढेपेत साखर आणि मळी एकत्रच गोठलेली असते, आणि लोह, खनिजं, तो खमंग वास हे सगळं मळीच्या बाजूचं.

दाणा वेगळा काढायची विद्या आपल्याकडची आहे, दीड हजार वर्षांहून जुनी. इ.स.पू. चौथ्या शतकात सिकंदराबरोबर आलेल्या निआर्कसने मधमाश्यांशिवाय मध देणाऱ्या बोरूंचं वर्णन करून ठेवलं, ते उसाचं. ६४७ साली चीनच्या तांग घराण्याचा सम्राट ताइत्सुंग याने साखर करायची रीत शिकून यायला मगधात माणसं पाठवली होती. पुढे ही विद्या इराण, अरबस्तान करत भूमध्य समुद्रापर्यंत गेली. १४९३ साली कोलंबसाने दुसऱ्या सफरीत उसाची रोपं कॅरिबियन बेटांवर नेली, आणि तिथून साखरेचा इतिहास काळा झाला. आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं उकळत्या रसाच्या कढया रांगेने लावून पळ्यांनी एका कढईतला रस दुसरीत ओतत. भाजणं रोजचंच. १८१३ साली एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड या इंग्रजाने हवा काढून घेतलेलं भांडं शोधलं, आणि १८४० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिलिअने एका भांड्यातली वाफ पुढच्या भांड्याला आच म्हणून वापरायची युक्ती काढली. रिलिअची आई कृष्णवर्णीय. गुलामगिरी चालू असलेल्या प्रांतात जन्मलेल्या या माणसाच्या यंत्राने इंधनही वाचवलं आणि पळ्यांची ती रांगही मोडीत काढली. आजही आपल्या प्रत्येक कारखान्यात रिलिअचीच रीत चालते, नाव मात्र कोणाला माहीत नसतं.

गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा मळेवाल्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलास' जहाज ३६ हिंदी मजूर घेऊन मॉरिशसच्या पोर्ट लुईला लागलं. त्यानंतरच्या आठ-नऊ दशकांत जवळपास पाच लाख माणसं करारावर तिथे उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसंही होती. मॉरिशसमध्ये आज गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते ती त्यांच्यामुळे. गंमत अशी की माणसं इथून गेली आणि त्यांनी केलेली साखर मुंबईच्याच बंदरात उतरू लागली. पांढरीशुभ्र 'मोरस साखर' ती हीच. मागोमाग युरोपातली बिटाची आणि मग जावाची साखर आली. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार पडला. तेव्हा साखर पांढरी करायला जनावरांच्या हाडांचा कोळसा वापरत, हे कळल्यावर सोवळ्यातल्या घरांना तर वेगळं कारण सांगायची गरजच उरली नाही.

सरकारने १९३२ साली आयात साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि देशात चार-पाच वर्षांत तीसेक कारखान्यांचे सव्वाशेच्या वर झाले. महाराष्ट्राचं वळण आणखी वेगळं. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीच्या परिसरातल्या शेतकऱ्यांचे शेअर गोळा केले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले, मुंबई राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांचाही आधार मिळाला, आणि प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. १९५० च्या सुमारास पहिलं गळीत झालं. पुढे कारखाना, बँक, कॉलेज आणि आमदारकी हे एकाच आवारात कसं आलं, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो लिहायला माझ्यापेक्षा धीट माणूस पाहिजे.

आता परत कढईकडे. गुलाबजामच्या पाकात हलवाई लिंबू पिळतो. का, असं विचारलं तर 'पाक साखरत नाही' म्हणतो. अगदी खरं. आंबट रसात आणि आचेवर सुक्रोजची जोडी फुटते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे होतात. सुक्रोजचे रेणू दाण्यात रांगेने बसत असताना हे वेगळ्या आकाराचे सुटे रेणू मध्ये घुसतात आणि रांग बसूच देत नाहीत. घरी पाहायचं तर सारखाच दोनतारी पाक दोन वाट्यांत करा. एका वाटीच्या पाकात उकळतानाच अर्धं लिंबू पिळा. दोन्ही निवल्यावर त्यात चिमूटभर साखर टाकून चमच्याने घोटा. साधा पाक पांढरा पडून घट्ट होईल, लिंबाचा तसाच ओघळत राहील. (उकळता पाक पाण्यापेक्षा जास्त गरम असतो आणि कातडीला चिकटून बसतो. मुलांना करू द्यायचं असेल तर मोठ्यांनी शेजारी उभं राहायचं.)

हलवायाला हवीशी वाटणारी हीच फूट कारखान्याचा जीव खाते. ऊस तोडला की त्यातले विकर (एन्झाइम) आणि तोडलेल्या टोकातून शिरलेले जिवाणू तेच काम सुरू करतात जे लिंबू करतं. सुक्रोज फुटतं, दाणा धरण्याजोगी साखर घटते, मळी वाढते. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो दिवसाच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. रसात चुना घालतात त्यामागेही रस आंबट राहू नये हे एक कारण आहे. हिवाळ्यात रात्री-अपरात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या धावतात त्याचंही मूळ या रसायनात आहे. आणि त्या घाईचा भार पडतो तो बीड-मराठवाड्यातून येणाऱ्या तोडणी कामगारांवर. नवरा-बायको मिळून हिशेबात एक 'कोयता' धरतात. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फडातून हलता येत नाही. दोन माणसांना एक कोयता म्हणायचं हा हिशेब मला कधीच पचलेला नाही.

रसवंतीतलं लिंबू मात्र वेगळ्या कारणाने. तिथे साखर फोडायला वेळच नसतो, रस लगेच पोटात जातो. चरकातून निघालेला रस हवेने काळपट पडतो, कापलेलं सफरचंद पडतं त्याच विकरामुळे. लिंबाच्या आंबटपणात ते विकर गप्प बसतं. मुंबईतल्या बऱ्याच रसवंत्यांची नावं कानिफनाथ नाहीतर नवनाथ असतात, कारण त्या चालवणारी अनेक कुटुंबं पुरंदर तालुक्यातल्या कानिफनाथाच्या पंचक्रोशीतली.

उसात किती साखर आहे हे कारखान्याला कळतं कसं? चव घेऊन नाही. १८१५ साली फ्रेंच शास्त्रज्ञ बिओ याच्या लक्षात आलं की साखरेच्या पाण्यातून ध्रुवीकृत प्रकाश नेला, म्हणजे ज्याची कंपनं एकाच प्रतलात आहेत असा प्रकाश, तर ते प्रतल वळतं. साखर जितकी जास्त, तितकं जास्त. कारखान्याच्या प्रयोगशाळेत हे वळण मोजतात आणि त्या आकड्याला 'पोल' म्हणतात. हे घरी दिसतं, आणि जे दिसतं ते खरोखर सुंदर आहे. लॅपटॉपचा पडदा बहुतेक वेळा ध्रुवीकृत प्रकाश देतो. त्यावर कोरं पांढरं पान उघडा. साखरेचा दाट, स्वच्छ पाक निवू द्या, सपाट बाजूंच्या काचेच्या बाटलीत भरा, पडद्यासमोर ठेवा. आता पोलराइड गॉगल हातात धरून त्यातून बाटलीकडे पाहा आणि गॉगल हळूहळू फिरवा. भोवतालचा पडदा नुसता उजळ-काळा होतो. पाकातून मात्र पिवळा, केशरी, जांभळा, निळा असे रंग एकामागून एक येतात. निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वळतो, म्हणून गॉगलच्या प्रत्येक कोनाला वेगळा रंग सुटतो. बाटलीत साधं पाणी भरून पाहा, काहीच होणार नाही.

या वळणावर पुष्कळ पैसे ठरतात. शेतकऱ्याचा एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, उताऱ्याला म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीला बांधलेला आहे. २०२४-२५ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी टनाला ३,४०० रुपये दर होता, उतारा वाढला तर दर वाढतो, आणि त्यातून तोडणी-वाहतूक कापून उरलेली रक्कम हातात येते. उतारा धरतात तो सबंध कारखान्याचा सरासरी. एखाद्याने ८६०३२ जातीचा ऊस नीट पिकवून वेळेवर तोडला तरी शेजाऱ्याच्या शिळ्या उसाचा पाय त्यालाही ओढतो.

दाण्यावर ताबा ठेवायची सगळ्यात अवघड परीक्षा मात्र कारखान्यात होत नाही. ती जानेवारीत, काटेरी हलव्याच्या परातीत होते. गिरगावातल्या आमच्या चाळीत एक काकू हे काम करायच्या. मंद आचेवर परात, तिच्यात साबुदाणा किंवा तीळ किंवा खसखस, बाजूला कोमट एकतारी पाक. पाक अर्धा चमचा घालायचा आणि बोटांनी, झाऱ्याने नाही, हलकेच फिरवत राहायचं. दाणे सुटे, कोरडे झाले की पुढचा अर्धा चमचा. 'घाई केलीस की काटा नाही, गोटी होते,' त्या म्हणायच्या. घातलेला पाक खसखशीच्या कणावर पातळ थर देतो, आचेने पाणी उडतं, साखर आधीच्याच दाण्यांवर चढते. कुठे जरासा उंचवटा असला तर पाक आधी तिथे लागतो आणि आधी तिथेच वाळतो, मग पुढच्या फेरीत तो उंचवटा आणखी पुढे येतो. अशा असंख्य फेऱ्यांनी काटा उभा राहतो. पाक एकदम जास्त पडला की खाचा भरून निघतात, सगळं गुळगुळीत. झारा फिरवला की कोवळे काटे मोडतात. दादरच्या बाजारात हलव्याचे दागिने महाग का असतात, हे एकदा परातीपाशी बसलं की कळतं.

खडीसाखरेची रीत याच्या अगदी उलट. दाट पाक भांड्यात, त्यात साखर लावून वाळवलेला दोरा सोडायचा, भांडं झाकायचं आणि हात लावायचा नाही. आठवडाभर तरी. सावकाश बसलेली रांग चुकत नाही, म्हणून दाणा मोठा आणि पारदर्शक. पाडव्याच्या गाठीचा पाक मात्र घोटून साच्यात ओततात. एकाच वेळी लाखो बारीक दाणे धरतात, प्रत्येकाच्या कडेवर उजेड विखुरतो आणि गाठी पांढरी दिसते.

घरी केलेल्या खडीसाखरेचा एक खडा राखून ठेवा. न्हाणीघराचं दार लावून घ्या, फटीला टॉवेल लावा (मुंबईत खरा अंधार दुसरीकडे मिळत नाही), डोळे अंधाराला सरावेपर्यंत दहा मिनिटं थांबा आणि खडा अडकित्त्यात धरून फोडा. क्षणभर निळसर ठिणगी दिसते. दाणा तुटताना दोन बाजूंना वेगवेगळा विद्युतभार उरतो, मधल्या हवेतल्या नायट्रोजनमधून तो उडी मारतो. आकाशातली वीज होते तेच, अडकित्त्याएवढं. खडा कोरडा हवा. पावसाळ्यात हा प्रयोग करू नका.

कारण पावसाळ्यात मुंबईची हवाच साखरेच्या विरुद्ध जाते. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की साखरेचा दाणा हवेतून पाणी ओढतो आणि वरून विरघळायला लागतो. जुलैत हे रोजचं. एखाद्या दिवशी ऊन पडलं, हवा सुकली की तेच पाणी उडतं, दाण्यांमध्ये नवी साखर धरते आणि डब्यात दगड होतो. डब्यात तांदळाची पुरचुंडी ठेवून फार फरक पडत नाही. घट्ट झाकण आणि कोरडा चमचा, हेच कामाचं. गूळ तर याआधीच पाझरतो, कारण त्यात सुटं ग्लुकोज-फ्रुक्टोज असतं आणि त्यातलं फ्रुक्टोज सुक्रोजपेक्षाही हवेतल्या पाण्याला हपापलेलं.

आणि बरणीतला मुरांबा साखरला असेल तर तो खराब झालेला नसतो, त्यात दाणा धरलेला असतो. पातेल्यात काढा, दोन चमचे पाणी आणि थोडा लिंबाचा रस घाला, मंद आचेवर सगळे दाणे विरघळेपर्यंत ढवळा. बरणी मात्र गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करून घ्या. तळाशी एक जुना दाणा राहिला तरी मुरांबा पुन्हा साखरेल.